आवर म्हणजे नेमकं काय करू?

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मराठी घरात एक शब्द हमखास ऐकू येतो: ‘आवर!’ ज्याच्यासाठी तो उच्चारलेला असतो ते पोर एका पायात मोजा चढवून, दुसरा मोजा हातात धरून भिंतीवरच्या पालीचं निरीक्षण करत बसलेलं असतं. शब्दाचा अर्थ त्याला बरोबर कळतो. हालचाल वाढव, शाळेची व्हॅन खाली येऊन उभी आहे. संध्याकाळी तेच पोर शेजारच्या मुलावर धावून जातं तेव्हा तीच आई तोच शब्द वापरते, फक्त त्याच्याआधी हात जोडते: ‘हात आवर!’ आता अर्थ नेमका उलटा. हालचाल थांबव. घाटातली पाटी ‘वेगाला आवर घाला’ म्हणते तेव्हा गाडी हळू चालवायची असते, आणि त्याच घाटातून जाणाऱ्या कुटुंबाला पहाटे ‘आवरा रे’ म्हणून उठवलेलं असतं ते लवकर निघण्यासाठी. एकाच क्रियापदानं घोड्याला टाचही मारायची आणि लगामही खेचायचा, हा प्रकार मोटारीत असता तर ती परिवहन खात्याच्या तपासणीत पहिल्याच दिवशी नापास झाली असती. अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक एकाच पेडलवर! भाषेला मात्र पासिंग लागत नाही, त्यामुळे ही गाडी पिढ्यान्‌पिढ्या बिनदिक्कत चालू आहे आणि नवल म्हणजे कुठे धडकलेलीही नाही.

धडकली नाही, याचं कारण शोधायला हवं. एखाद्या शब्दाचे दोन परस्परविरुद्ध अर्थ असतील आणि तरीही तो ऐकणारं सहा वर्षांचं पोर एकदाही गोंधळत नसेल, तर ते अर्थ विरुद्ध नसावेत, आपण त्यांच्याकडे चुकीच्या बाजूनं बघत असू. संस्कृतात ‘आ’ अधिक ‘वृ’ म्हणजे झाकणं, वेढणं, अडवणं. आवरण हा शब्द तिथलाच. मराठीनं हे वेढणं घरात आणलं आणि त्याला संसाराला लावलं. जीभ आवरायची, हसू आवरायचं, खर्च आवरायचा, पदर आवरायचा, पसारा आवरायचा. या सगळ्यांत समान गोष्ट एकच: काहीतरी मर्यादेबाहेर सांडलं आहे आणि ते आत घ्यायचं आहे. मग सकाळच्या ‘आवर’मध्ये नेमकं काय सांडलेलं असतं? तर ते पोरच. त्याचा एक पाय पलंगावर, दप्तर दिवाणखान्यात, डबा ओट्यावर, ओळखपत्र देवघरात आणि चित्त पालीपाशी. त्याला गोळा करून दारापाशी आणणं म्हणजे आवरणं. मराठीचं म्हणणं असं, की उशीर होतो तो पाय मंद पडल्यामुळे नव्हे, पसारा वाढल्यामुळे. म्हणून ती पाय उचलायला सांगतच नाही, पसारा कमी करायला सांगते. पाय आपोआप उचलले जातात.

व्याकरण या म्हणण्याला पुरावा देतं. आवरणे हे सकर्मक क्रियापद. त्याला कर्म हवं. घोडा आवर, अश्रू आवर, कपाट आवर. पण घाई करायची वेळ आली की कर्म गायब होतं. नुसतं ‘आवर’. ‘काय आवरू?’ असा प्रश्न कुठलंही मराठी मूल विचारत नाही, कारण विचारल्यास उत्तर शब्दांत मिळेलच अशी खात्री नसते. त्याहून गमतीचं रूप म्हणजे ‘माझं आवरलं’. माझं काय? नपुंसकलिंगी, षष्ठी विभक्तीतलं हे ‘माझं’ ज्या नामाला चिकटायला निघालं ते नाम वाटेतच हरवलं आहे. माझं घर, माझं काम, माझं डोकं, यांपैकी काहीही नाही. आंघोळीपासून चप्पल सापडण्यापर्यंतची सगळी यात्रा त्या रिकाम्या जागेत बसते. जे आवरायचं ते इतकं सर्वव्यापी आहे, की त्याला नाव द्यायलाही वेळ नाही. कर्म गाळून क्रियापदानंच स्वतःचं आधी आवरून घेतलं आहे.

यावर पहिला आक्षेप येणार तो भाषाभिमान्यांचा. मराठीत वेग वाढवण्यासाठी दुसरे शब्द नाहीत की काय? आहेत, भरपूर आहेत, पण त्यांची झडती घ्यावी. ‘लवकर’, ‘झटपट’, ‘पटापट’, गावाकडचं ‘बिगीबिगी’, मालवणीतलं आणि गोव्याच्या कोंकणीतलं ‘बेगीन’, ही सगळी क्रियाविशेषणं. बिगीबिगी आणि बेगीन सरळसरळ वेगाचीच लेकरं. पण ती एकटी प्रवास करत नाहीत. चल, ये, जेव असं एखादं क्रियापद त्यांना सोबतीला लागतंच. ‘धाव’ आणि ‘पळ’ ही क्रियापदं खरी, पण धावणारा माणूस आधीच्यापेक्षा जोरात धावतो आहे की नाही, हे त्यांच्यावरून कळत नाही. ‘वेग वाढव’ म्हणावं तर तिथे वेग हे नाम आणि काम करणारं वाढव. मराठीत वेग येतो, वेग घेतला जातो, पकडला जातो, दिला जातो. पाहुण्यासारखा, औषधासारखा, चोरासारखा आणि उधारीसारखा. स्वतःच्या पायांवर उभं राहून वेग वाढवणारं एकशब्दी, रोजच्या वापरातलं क्रियापद मात्र हाती लागत नाही. उरली ‘घाई’. तिच्याविषयी मराठीत कुणी कधी बरं बोललेलं नाही. घाईला जोड मिळाली ती गडबडीची, घाटात तिची पाटी लागली ती संकटासोबत, घाईत असलेल्या नवऱ्याच्या गुडघ्याला बाशिंग बांधून म्हणीनं त्याला कायमचा उभा करून ठेवला, आणि ‘घाईची लागली आहे’ या वाक्याचा अर्थ तर भर मंडपात मोठ्यानं सांगता येत नाही.

‘त्वरा’ तरी प्रतिष्ठित आहे ना, असं विचारलं जाईल. जाहिरातीत ‘त्वरा करा, साठा मर्यादित’ असतं आणि शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘त्वरण’ असतं. पण पाणिनीच्या परंपरेतला धातुपाठ उघडला तर तिथे ‘त्वर्’ या धातूचा अर्थ दिला आहे ‘संभ्रम’. संस्कृतात संभ्रम म्हणजे धांदल, लगबग, हे मान्य. पण मराठीनं त्या शब्दाचा पुढे जो अर्थ केला तो पाहता, जाहिरात वाचून दुकानात गेलेल्या माणसाची अवस्था दोन्ही भाषांना मिळून बरोबर वर्णन करता आली आहे. खुद्द त्वरणाची गोष्ट तर ‘आवर’च्या बाजूनं साक्ष देणारी आहे. रोजच्या बोलण्यात आपण त्याचा अर्थ वेग वाढणं असा घेतो. भौतिकशास्त्राच्या लेखी वेग वाढला तरी त्वरण, कमी झाला तरी त्वरणच, फक्त ऋण. इतकंच काय, वेग तेवढाच ठेवून नुसतं वळण घेतलं तरीही त्वरण. झाडावरून सुटलेला नारळ दर सेकंदाला आपला वेग सेकंदाला ९.८ मीटरनं वाढवत खाली येतो आणि जमिनीवर आपटताच क्षणात तो शून्यावर आणतो; दोन्ही घटनांना शास्त्रज्ञ एकाच शब्दात बसवतो आणि चिन्ह बदलतो. आईही तेच करते. ती चिन्ह आवाजात घालते. ‘आवर’चा स्वर वर गेला तर धन, दात आवळून आला तर ऋण. गणिताचा गंध नसताना हे चिन्ह न चुकता ओळखणारी मुलं पुढे दहावीत त्याच चिन्हापाशी अडखळतात, याला कारण एवढंच असावं, की पुस्तकाला आवाज नसतो.

दुसरा आक्षेप गाडीवाल्यांचा. त्यांच्याकडे वेग वाढवण्याची क्रियापदं मुबलक आहेत, पण त्यांची यादी पोलिस ठाण्यातल्या डायरीसारखी वाचावी लागते. गाडी हाणतात, दामटतात, पिटाळतात, रेटतात, आणि पळवतात. यातलं शेवटचं तर मालकाच्या देखत केलं तर वेग आणि मालकाच्या पश्चात केलं तर चोरी. स्कूटरला वेग द्यायचा तर तिचा कान पिळतात. ही सगळी मारहाण आली कुठून? मराठी माणसाच्या हाती वेग आला तो बैल आणि घोडा यांच्या मार्फत. घोड्याला टाच मारायची, बैलाची शेपटी पिरगाळायची, की वेग मिळे. वेग ही दुसऱ्याच्या अंगातून काढून घ्यायची वस्तू होती. पुढे पायाखालचं जनावर गेलं, लोखंड आलं, पण पिरगाळण्याची सवय मनगटात तशीच राहिली आणि मोटरसायकल बनवणाऱ्यानं ती मूठही फिरवायचीच ठेवून आपल्या परंपरेचा नकळत मान राखला. या क्रियापदांचा दोष असा, की ती दुसऱ्यावर चालतात. ‘मी स्वतःला दामटलं’ असं कुणी म्हणत नाही. स्वतःच्या बाबतीत वेग वाढवायचा प्रसंग आला की सगळ्यात दांडगा ड्रायव्हरसुद्धा म्हणतो, ‘थांब, आवरून घेतो.’ म्हणजे आवरणं हीच वेगाची एकमेव अहिंसक रीत ठरते.

तिसरा आक्षेप घेणारं टेबल सरकारी आहे. तिथे वेगासाठी ‘गती देणे’ असं भारदस्त क्रियापद आहे आणि वर्तमानपत्रांत ते रोज छापलं जातं: कामांना गती द्या, प्रकल्पाला गती मिळणार. देणारा वेगळा, घेणारा वेगळा, मध्ये निर्देश. शिवाय फाइलवर लिहायला तातडीचे, त्वरित, तत्काळ, विनाविलंब, अत्यंत तातडीचे असे शब्द हाताशी असतात. एखाद्या दुखण्यावरच्या पाच-पाच गोळ्या कपाटात दिसल्या की चतुर माणूस ओळखतो, एकीचाही गुण आलेला नाही. पण याच सरकारला जेव्हा मनापासून वेग हवा होता तेव्हा त्यानं काय केलं ते बघा. ‘महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, २००५’ असा कायदा केला. नाव उच्चारायला लागणारा विलंब त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेला दिसतो, ते असो. पण नावातला विचार शुद्ध मराठी आहे. कर्तव्ये जोरात पार पाडा, असं तो म्हणत नाही. विलंबाला प्रतिबंध करा, म्हणतो. साधारणपणे कुठलीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांहून जास्त राहू नये, तातडीची असेल तर चार, अगदीच निकडीची असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी निघावी, असं त्यात सांगितलं आहे. फाइलला पळायला सांगितलेलं नाही, तिचं बसणं कमी केलं आहे. चौदा शब्दांत ‘आवर’ म्हणायचं झालं तर ते असंच म्हणावं लागेल.

आता कुणी म्हणेल, हा सगळा शब्दांचा खेळ झाला. आवरल्यानं वेग खरोखर वाढतो याला काही प्रत्यक्ष पुरावा? आहे, आणि तो अंगणात आहे. बागेला पाणी घालताना नळीचं तोंड अंगठ्यानं अर्धं दाबलं की पाण्याची धार बरीच लांब जाते. नळ तेवढाच उघडा, फक्त वाट आवरली. बर्फावर गिरकी घेणारी स्केटर हात पसरून फिरत असते. ते तिनं छातीशी ओढून घेतले की कुणी ढकललं नसतानाही ती भोवऱ्यासारखी फिरू लागते. ज्याला शास्त्रात कोनीय संवेगाची अक्षय्यता म्हणतात ती मराठी आईला ‘हातपाय पसरून बसू नकोस, आवर’ या रूपात माहीत असते. याहून ठोस पुरावा मुंबईत रोज लाखो लोक लोंबकळून तपासतात. धीमी लोकल आणि जलद लोकल यांत फरक काय? डबे तसेच, मोटर तशीच, गर्दी तीच, पंख्याकडे बघून केलेली प्रार्थनाही तीच. मध्य रेल्वेची जलद गाडी दादर सोडल्यावर माटुंगा आणि शीव यांना न थांबता थेट कुर्ला गाठते. तिला जलद केलं ते मुख्यतः थांबे गाळून. ती पळते असं आपल्याला वाटतं. खरं तर तिनं थांबणं आवरलेलं असतं. मुंबई आणि पुण्यामधला द्रुतगती मार्गही असाच द्रुत झाला. दुचाकी नको, रिक्षा नको, बैलगाडी नको, मधेच रस्ता ओलांडणारा पादचारी नको. रस्ता पळवता येत नाही. त्यावरचा पसारा तेवढा काढता येतो. आणि हे ध्यानात न घेता जो तिथे नुसतीच गाडी दामटतो त्याच्यासाठी आवर घालणाऱ्या पाट्या आणि कॅमेरे आहेतच.

म्हणूनच मराठीत वेगवान माणसाची स्तुती वेगावरून होत नाही. ‘तिच्या कामाला फार वेग आहे’ असं आपण सुनेविषयी बोलत नाही. म्हणतो, ‘तिला कामाचा उरक दांडगा.’ उरक हा मोठा न्यायी शब्द आहे. किती भरभर हात हलले हे तो बघत नाही, किती काम संपलं तेवढंच मोजतो. विज्ञानात काम भागिले वेळ म्हणजे शक्ती. आपल्याकडे त्यालाच उरक म्हणतात आणि तो किलोवॉटऐवजी पोळ्यांत मोजतात. हात भरभर हलतात पण काम संपत नाही, अशा माणसासाठी वेगळा शब्द आहे, धांदरट. आवर, आटप, उरक ही तिन्ही क्रियापदं एकाच माळेतली: तिघांनाही शेवटाची ओढ आहे, मधल्या धावपळीचं कौतुक नाही. इथे व्याकरणाचा जाणकार हळूच विचारेल, की मग ही संपवण्याची क्रियापदं झाली, वेगाची कशी? उत्तर सभागृहात मिळतं. वक्ता रंगात आला आहे, घड्याळ पुढे गेलं आहे, अध्यक्षांची चिठ्ठी येते, ‘आवरतं घ्या’. केवळ संपवायचं असतं तर वक्ता ‘धन्यवाद’ म्हणून खाली बसला असता. तसं होत नाही. तो उरलेले अकरा मुद्दे चार मिनिटांत सांगतो. म्हणजे चिठ्ठीचा अर्थ त्यानं वेग वाढवा असाच घेतला. दुर्दैवानं श्रोत्यांनी तोपर्यंत त्याच क्रियापदाचा तिसरा, हल्ली मोबाइलवर रुळलेला अर्थ मनात उच्चारलेला असतो: ‘आवरा याला कुणीतरी!’

शेवटचा आक्षेप सगळ्यांत अवघड, कारण तो खरा आहे. वेगाचं एवढं गहन तत्त्वज्ञान ज्या भाषेच्या दैनंदिन क्रियापदात मुरलं आहे ती बोलणारे लोक लग्नाला, सभेला आणि नाटकाच्या पहिल्या अंकाला उशिरा का पोहोचतात? दोष क्रियापदाचा नाही, काळाचा आहे. घड्याळातल्या नव्हे, व्याकरणातल्या. ‘आवर’ हा आज्ञार्थ. त्याला उत्तर मिळतं ‘आवरतेय’, हा अपूर्ण वर्तमानकाळ, आणि अपूर्ण हे विशेषण वैयाकरणांनी कुठेही इतकं चपखल लावलेलं नाही. पुन्हा ‘आवर’ म्हटलं की उत्तर येतं ‘झालंच’. तिसऱ्यांदा म्हटलं की ‘आलोच’. आता आलो हा भूतकाळ. बोलणारा अजून न्हाणीघरात आहे, अंगाला साबण आहे, आणि व्याकरणानुसार तो येऊन पोहोचला आहे. जे व्हायचं आहे त्याला झालं म्हणायचं, आणि शंका राहू नये म्हणून वर ‘च’चं कुलूप लावायचं, ही युक्ती सापडल्यावर वेग वाढवणाऱ्या क्रियापदाची मराठीला गरजच उरली नाही. भविष्यातून भूतकाळात एका उच्चारात जाण्याला जे त्वरण लागतं ते कुठल्याही प्रयोगशाळेत मोजता यायचं नाही. आज्ञा देणाऱ्यानं आवर म्हणून आपलं कर्तव्य केलं, ऐकणाऱ्यानं आलोच म्हणून आपलं केलं. भाषेच्या बाजूनं दोघंही वेळेवर आहेत. खाली फाटकापाशी रिक्षा तेवढी उभी असते. तिला व्याकरण येत नाही, पण तिचं मीटर थांबलेल्या गाडीचेही पैसे मोजतं, आणि दर काही वेळानं पुढचा आकडा टाकून तेही आपल्या परीनं तेच म्हणत असतं: आवर.